एकशे आठची गाडी आधी कुठे थांबावी

हिशेब मांडून पाहू. ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात १०८ ची एक गाडी, म्हणजे सरकारी रुग्णवाहिका, उभी आहे. वीस किलोमीटरवरच्या गावातून फोन येतो: दोन दिवसांचा ताप, तीन-चार उलट्या, अंगात त्राण नाही. गाडी अर्ध्या तासात पोहोचते. तपासण्यात आणि पेशंटला गाडीत घेण्यात पंधरा-वीस मिनिटं जातात आणि गाडी जिल्हा रुग्णालयाची वाट धरते. जिल्हा सत्तर किलोमीटर. कॅज्युअल्टीत पेशंट ताब्यात देईपर्यंत अर्धा-पाऊण तास, मग रिकामी गाडी परत तालुक्याला. चार तास गेले. रस्ता खोदून ठेवलेला असेल तर पाच. तेवढ्या वेळात कुणाला साप चावला, कुणाच्या छातीत दुखलं, तर गाडी शेजारच्या तालुक्यातून यायची. त्याच गावापासून आठ किलोमीटरवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पेशंटला तिथे उतरवलं असतं तर गाडी दीड-पावणेदोन तासांत पुन्हा आपल्या जागेवर आली असती.

अशा पेशंटला आरोग्य केंद्रातच न्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जोर ‘न्यावं’ या शब्दावर आहे. फोनवर ‘एवढ्याशा तापाला गाडी येत नाही’ म्हणणं, किंवा दारात आलेली गाडी रिकामी वळवणं, हे कोणत्याही कारणाने होता कामा नये. गाडी जाईल, डॉक्टर तपासेल, पेशंटला गाडीत घेतलं जाईल. बदलेल ते उतरवण्याचं ठिकाण. आणि ते ठिकाण रात्री दोन वाजताही उघडं असलं पाहिजे, तिथे दिवा आणि माणूस असला पाहिजे. ही दुसरी अट पहिलीपेक्षा कितीतरी अवघड आहे.

यात पेशंटचं नुकसान नाही, फायदाच आहे, हे लोकांना कुणी समजावून सांगत नाही. बाळंतिणीला आणि नवजात बाळाला घरी परत सोडण्याची सोय २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमापासून आहे. १०८ ने नेलेल्या बाकीच्यांना ती नाही. रात्री अकराला जिल्हा रुग्णालयात पोहोचलेल्या तापाच्या पेशंटला सलाईन लागतं, गोळ्या मिळतात आणि पहाटे ‘घरी जा’ म्हणतात. मग तो आणि सोबतची दोन माणसं घरापासून साठ-सत्तर किलोमीटरवर, एसटी स्टँडच्या बाकावर. तिघांची मजुरी बुडाली, वर तिकीट आणि चहापाणी. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत, पण गरिबाचा खरा खर्च जाण्या-येण्यात होतो, आणि त्यातला परतीचा भाग कुणाच्याच हिशेबात धरला जात नाही.

महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी: २३३ प्रगत जीवरक्षक प्रणालीच्या, ७०४ मूलभूत. बहुतेक राज्यांत अशा गाडीवर प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. आपण डॉक्टर बसवला. निर्णय घेण्याचं शिक्षण ज्याच्याकडे आहे तो माणूस पेशंटच्या अंगणापर्यंत पोहोचवायचा आणि तिथे पोहोचल्यावर त्याच्याकडून सोबत्याचं काम करून घ्यायचं, हा उधळेपणा आहे. व्यवहारात होतं असं की नातेवाईक ‘मेडिकलला न्या’ (नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज), ‘इर्विनला न्या’ (अमरावतीचं जिल्हा रुग्णालय) म्हणतात, भोवती पंधरा माणसं जमतात, सरपंचाचा फोन येतो, आणि वाद टाळायला डॉक्टर ‘चला’ म्हणतो. त्याने ‘आरोग्य केंद्रात जाऊ’ म्हटलं आणि पुढे काही बिघडलं तर त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार, हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. म्हणून पहिली गरज लेखी अधिकाराची आहे. ठरलेल्या मोजमापात बसणाऱ्या पेशंटला जवळच्या आरोग्य केंद्रात नेण्याचा निर्णय गाडीवरच्या डॉक्टरचा, आणि मोजमापं नोंदवलेली असतील तर त्या निर्णयाची जबाबदारी व्यवस्थेची.

हा निर्णय फोनवर का होऊ नये? फोन पुण्यातल्या केंद्रात लागतो. धारणी-चिखलदऱ्यातली बाई कोरकू बोलते, भामरागड-एटापल्लीतला माणूस माडिया बोलतो. त्याच्या मोडक्या मराठीतून ‘पोट दुखते’ यापलीकडे काही कळत नाही. फोन बहुधा पेशंटजवळ नसलेला माणूसच करतो, कारण रेंज घरात नसते, टेकडीवर असते. फोनवर गाडीची घाई ठरवता येईल, कोणती गाडी आधी सोडायची ते ठरवता येईल. पेशंट कुठे न्यायचा ते हात लावल्याशिवाय ठरवू नये. आशाताई जागेवर असेल तर तिला लाइनवर घ्यावं. तिला घर माहीत असतं, दुखणं माहीत असतं आणि भाषाही येते.

आणि पोटदुखी, उलटी, चक्कर ही विदर्भात साधी लक्षणं नाहीत. त्यांचा अर्थ महिन्यागणिक बदलतो. मे महिन्यात चंद्रपूर, नागपूर, अकोल्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा उलटी आणि चक्कर म्हणजे ऊन लागलेलं असू शकतं. अंग भाजतंय, माणूस असंबद्ध बोलतोय, ताप १०४ च्या वर आहे, तर तो उष्माघात. काखेतलं थर्मामीटर आतलं तापमान कमीच दाखवतं, त्यामुळे १०३ दिसलं म्हणून निर्धास्त राहू नये. इथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. कपडे सैल करून अंगभर पाणी मारायचं, वारा घालायचा, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवायचा. गाडी सुरू होण्याआधी हे सुरू झालं पाहिजे.

तीच उलटी आणि चक्कर ऑगस्ट ते ऑक्टोबरात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरातून आलेल्या माणसाला झाली, तर पहिला प्रश्न एकच: आज फवारणी केली का? २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. हे दुखणं सुरुवातीला हगवण-उलटीसारखंच दिसतं. डोळ्यांत बॅटरी मारली आणि बाहुली टाचणीच्या टोकाएवढी दिसली, तोंडाला लाळ सुटली असली, घाम आणि छातीत घरघर असली, की सेंद्रिय फॉस्फरसचं विष समजून ॲट्रोपिन तिथेच सुरू करायचं. ०.६ मिलिग्रॅमच्या एका अँप्युलने काही होत नाही. छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करावी लागते, आणि गंभीर पेशंटला पहिल्या तासात डझनावारी अँप्युल लागतात. विष लागलेले कपडे काढून अंग साबणाने धुवायचं राहून गेलं तर कातडीतून विष आत जातच राहतं. हा पेशंट मोठ्या रुग्णालयाचा आहे.

तिसरा अर्थ सगळ्यांत फसवा. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो. दंश दिसत नाही, सूज नाही, आग नाही. घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं. तास-दोन तासांनी पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आवाज बदलतो. हा मण्यार सापाचा दंश. त्याचे दात इतके बारीक की चावल्याचं कळतही नाही. ‘पोटदुखी, किरकोळ’ अशी नोंद करून पेशंटला बिनडॉक्टरच्या केंद्रात उतरवलं तर श्वास तिथेच थांबेल. म्हणून जून ते ऑक्टोबर पहाटेच्या प्रत्येक पोटदुखीत तीन गोष्टी बघितल्याच पाहिजेत: जमिनीवर झोपला होता का, वर बघताना पापणी खाली येते का, घोटभर पाणी गिळता येतं का. बारा महिने एकच प्रश्नावली वापरली तर ती विदर्भात माणसं मारेल. प्रश्न महिन्याप्रमाणे बदलावेत आणि पत्रक चालकाच्या डोक्यावरच्या पट्टीला अडकवलेलं असावं.

मोजमापं कठीण नाहीत. मोठ्या माणसासाठी माझी सूचना अशी: पूर्ण शुद्धीवर, एका दमात वाक्य बोलणारा, श्वास मिनिटाला २२ पर्यंत, नाडी ५० ते ११०, वरचा रक्तदाब १०० च्या खाली नाही आणि १८० च्या वर नाही, ऑक्सिजन ९५ किंवा जास्त, साखर ७० ते ३००, उभं केल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत नाही, पाजलेलं पाणी पोटात टिकतं. यातलं एक जरी बसत नसेल तर आरोग्य केंद्राचा विचार सोडायचा. आकडे जिल्ह्याने थोडे वर-खाली करावेत, पण मोजणी दोनदा व्हावी: एकदा घरात, एकदा उतरवण्यापूर्वी. नाडी ९६ वरून १०८ झाली तर दोन्ही आकडे मर्यादेत असूनही पेशंट घसरतोय. श्वास मोजताना घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजावं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्यात चुका होतात. ऑक्सिमीटर गार बोटावर, रंगवलेल्या नखावर आणि हलत्या हातावर खोटं बोलतो.

मुलांचे आकडे वेगळे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला कमीअधिक काहीही झालेलं असो, त्याला मोठ्या रुग्णालयातच न्यावं. दोन महिने ते वर्षभरात मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे न्यूमोनिया समजायचा. छाती आत ओढली जात नसेल आणि मूल दूध-पाणी घेत असेल तर आरोग्य केंद्रातल्या अमॉक्सिसिलिनने तो बरा होतो. पण पीत नाही, झटके आले, सुस्त पडून आहे, छाती आत जाते, यातलं एक जरी असलं तरी पुढेच न्यायचं. पूर्व विदर्भात आणखी एक प्रश्न हवा: घरात सिकलसेलचं (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचं) कार्ड आहे का? सिकलसेलच्या मुलाचा ताप किंवा छातीचं दुखणं किरकोळ कधीच नसतं.

चाळिशीपुढच्या माणसाची ‘गॅस झाली’ ही तक्रार ईसीजीशिवाय खाली उतरवू नये. मधुमेही माणसाला आणि बायांना हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत कळ येईलच असं नाही. नुसता घाम आणि मळमळ असते. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय, तर आरोग्य केंद्रावर थांबणं म्हणजे वेळ वाया घालवणं. गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. गरोदर बाई, डोक्याला मार, जळालेला माणूस, विष प्यालेला माणूस हे या चर्चेत येतच नाहीत.

इथे एक उलटी बाजूही आहे. प्राथमिक केंद्र फक्त किरकोळांसाठी, ही समजूत चुकीची आहे. घोणस चावलेल्या माणसाला घेऊन गाडी आरोग्य केंद्रावरून न थांबता जिल्ह्याकडे जाते तेव्हा तो दीड-दोन तास औषधाविना जातो. केंद्रात दोन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर विष भिनलं. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर चाचणी खोटी ठरते. मग सर्पविषरोधकाचे दहा व्हायल सलाईनमधून तासाभरात, शेजारी ॲड्रिनलिन भरलेली सिरिंज तयार ठेवून. त्यानंतर पुढचा प्रवास. विंचवाचंही तसंच. घाम फुटून हातपाय गार पडले असतील तर प्राझोसिनची गोळी लगेच दिली पाहिजे, आणि ही उपचारपद्धती महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ग्रामीण दवाखान्यातच उभी केली. गाडीने आधी आरोग्य केंद्रावर थांबायचं, हे कधी पेशंट हलका म्हणून असतं आणि कधी पेशंट फार जड म्हणून.

आता केंद्राकडे वळू, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. सपाट भागात तीस हजार आणि आदिवासी-डोंगराळ भागात वीस हजार लोकसंख्येला एक केंद्र, साधारण सहा खाटा, दोन वैद्यकीय अधिकारी, असा नियम. कागदावर दोन असले तरी एक प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा शिबिराला गेलेला असतो, आणि दुसऱ्याच्या क्वार्टरचं छत गळतं म्हणून तो तालुक्याला राहतो. मुख्यालयी राहण्याचे आदेश निघत असतात. आधी छत दुरुस्त करा, पाण्याची मोटर बसवा, मग आदेशाला अर्थ येईल. रात्री केंद्रात एक नर्स आणि एक शिपाई असताना गाडीने पेशंट उतरवला, नर्सने घाबरून ‘रेफर’ लिहिलं आणि पुन्हा १०८ ला फोन केला, तर एका फेरीच्या दोन फेऱ्या झाल्या आणि पेशंटचे तीन तास गेले. वळवण्याची योजना फसते ती इथे.

यावर उपाय सोपा आहे, फक्त पाळला पाहिजे. गाडी गावातून निघण्याआधी गाडीवरच्या डॉक्टरने केंद्रातल्या डॉक्टरशी स्वतः बोलावं. नर्सशी नाही, डॉक्टरशी. फोन उचलला नाही किंवा डॉक्टर हजर नसेल तर दुसरा विचार न करता पुढे जावं आणि ती नोंद त्याच दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे पोहोचावी. केंद्रात नेब्युलायझर, साल्ब्युटामॉल, ओआरएस, आयव्ही सलाईन, साखर मोजण्याच्या न संपलेल्या पट्ट्या आणि चालू ऑक्सिजन आहे का, हे रोज संध्याकाळी सहाला कळवलं जावं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरला वीज लागते. पावसाळ्यात वीज रात्रभर जाते, इन्व्हर्टरची बॅटरी दोन वर्षांत मरते आणि बदलायला निधी नाही म्हणतात. अशा केंद्रात भरलेलं सिलिंडर आणि त्याची चावी हवीच. चावी न सापडल्याने भरलेलं सिलिंडर निरुपयोगी पडून राहतं, हे ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण दम्याच्या पेशंटसाठी ते क्षुल्लक नसतं.

दुसरं, लोक रात्री का फोन करतात ते समजून घ्या. वेचणीच्या दिवसांत बाई सहाला घरी येते तेव्हा संध्याकाळची ओपीडी आटोपत आलेली असते. काळी-पिवळी बंद, मुक्कामी गाडी सकाळीच निघणार. तिला १०८ शिवाय पर्याय नसतो. ती सेवेचा गैरवापर करत नाही. कापूस, सोयाबीनच्या हंगामात तरी केंद्राची ओपीडी रात्री आठपर्यंत चालवली तर त्यातले कितीतरी फोन येणारच नाहीत. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवरून डॉक्टर दाखवता येतो, पण तो दुपारी आणि रेंज असेल तर.

हे प्रयोग इतरत्र झाले आहेत. इंग्लंडमध्ये २०१७ पासून रुग्णवाहिकेच्या फोनचे चार वर्ग केले. पहिल्याला सरासरी सात मिनिटांत, दुसऱ्याला अठरा मिनिटांत पोहोचण्याचं लक्ष्य, आणि हलक्या वर्गातल्यांना फोनवर तज्ज्ञाचा सल्ला किंवा जवळचं केंद्र. अमेरिकेत मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना रुग्णवाहिकेला पैसे द्यायची ते पेशंटला रुग्णालयात नेलं तरच. म्हणून जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी दुसऱ्या ठिकाणी नेण्याचे आणि जागेवर उपचाराचेही पैसे देणारी पाच वर्षांची योजना काढली, आणि सहभाग अपेक्षेपेक्षा कमी राहिल्याने २०२३ च्या अखेरीस ती दोन वर्षं आधीच बंद केली. आपल्यासाठी त्यातला धडा असा की गाडीच्या कामाचं मोजमाप आधी बदलावं लागतं. ‘इतके रुग्ण नेले’ हा एकच आकडा अभिमानाने सांगितला जात असेल तर गाडी पेशंट नेतच राहील. गाडी किती वेळ आपल्या जागेवर उपलब्ध होती आणि अतिगंभीर पेशंटपर्यंत किती मिनिटांत पोहोचली, हे तालुकावार जाहीर व्हायला हवं.

हक्काचा प्रश्न उपस्थित होईल आणि तो व्हायलाच हवा. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी दवाखान्याने वेळेवर उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. त्याच निकालातले उपाय मात्र क्वचित आठवले जातात: प्राथमिक केंद्रांत पेशंट स्थिर करण्यापुरती सोय, रुग्णवाहिकेची व्यवस्था, आणि कुठे खाट आहे ते एका जागी कळवणारी यंत्रणा. आरोग्य केंद्र बंद ठेवून पेशंट तिकडे वळवणं हा उपचार नाकारण्याचाच प्रकार ठरेल. पेशंटने समजून-उमजून नकार दिला तर गाडीने त्याला पुढे न्यावं. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, वाटेत सेमाडोहचा घाट, हे त्याला आधी सांगावं. आरोग्य केंद्राला तयार झाला तर हातात मराठीतली चिठ्ठी द्यावी: दोन्ही वेळची मोजमापं, दिलेली औषधं, कोणतं लक्षण दिसलं तर पुन्हा फोन करायचा. आणि त्याच पेशंटचा चोवीस तासांत दुसरा फोन आला तर पुन्हा प्रश्न न विचारता गाडी निघावी आणि थेट मोठ्या रुग्णालयात जावी.

हे चालवायचं कुणी? आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली, मेडिकल कॉलेज तिसऱ्या खात्याचं, गाडी ठेकेदाराची. चौघांना एका टेबलाशी बसवू शकेल असा अधिकारी जिल्ह्यात एकच, जिल्हाधिकारी. दर पंधरवड्याला वळवलेल्या पेशंटची यादी समोर ठेवावी, दुसऱ्या दिवशी आशाताईने घरी जाऊन काय पाहिलं ते त्यात असावं, आणि अठ्ठेचाळीस तासांत पुढे न्यावा लागलेला प्रत्येक पेशंट एकेक करून तपासावा. असे पेशंट अजिबात नसले तरी काळजी करावी. मग मोजमापं फार कडक आहेत आणि गाड्या अजून विनाकारण जिल्ह्याला जात आहेत.

सुरुवात एका तालुक्यात आणि डिसेंबरात व्हावी. साप, फवारणी, ऊन तिन्हींचा जोर कमी असतो, रस्ते कोरडे असतात, भामरागडच्या पर्लकोटेसारख्या नद्या वाट अडवत नाहीत, आणि चुकीची किंमत सर्वांत कमी असते. मार्चपर्यंत फोनची सवय लागली की उन्हाळ्याचं पत्रक लावावं, जूनमध्ये पावसाळ्याचं. फक्त मे महिन्यात बदल्या होतात आणि केंद्रातले डॉक्टर बदलतात. गाडीत चिकटवलेली त्यांच्या नंबरांची यादी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पहिला पाऊस पडण्याआधी, प्रत्येक नंबर लावून पाहून नव्याने लिहावी लागेल.